नवा संगणक, जुनी विंडोज

संगणकाचा बॅकअप दोन प्रकारे घेता येतो. पहिल्या प्रकारात फक्त फाइली जपल्या जातात: फोटो, पत्रव्यवहार, हिशेबाचा डेटा. दुसऱ्या प्रकारात संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतात आणि तिला सिस्टिम इमेज म्हणतात. विंडोज, सगळे प्रोग्रॅम, त्यांची सेटिंग्ज, अगदी डेस्कटॉपवरच्या आयकॉनची जागासुद्धा तिच्यात येते. फाइलींचा बॅकअप कोणत्याही संगणकावर बिनतक्रार उघडतो, इमेजचे मात्र तसे नसते. जुन्या यंत्राचा मदरबोर्ड, डिस्कचा कंट्रोलर, ग्राफिक्स कार्ड यांच्या नोंदी इमेजमध्ये असतात. ती पुन्हा त्याच यंत्रावर उतरेल असेच तिची रचना धरून चालते. एका कंपनीच्या यंत्रावर घेतलेला सिस्टिमचा बॅकअप वेगळ्या बनावटीच्या यंत्रावर उतरवला तर जबाबदारी आपली नाही, असे मायक्रोसॉफ्टनेही जुन्या काळीच लिहून ठेवले आहे.

तरीही लोक ते करतात, आणि हल्ली जास्तच करतात. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि यूईएफआय पद्धतीचे फर्मवेअर लागते, त्यामुळे चांगले चालणारे असंख्य संगणकही बाद ठरले. नवे यंत्र घ्यायचे आणि जुन्याची इमेज त्यावर टाकून मोकळे व्हायचे, हा विचार अशा वेळी साहजिकच येतो. गाडी बहुतेकदा अडते ती इमेज उतरवणे, म्हणजे रिस्टोअर, पूर्ण झाल्यानंतर. ती कुठे अडली हे नीट पाहिले तर अर्धे निदान तिथेच होते, कारण बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि प्रत्येक पायरीवरचे बिघाडही ठरावीकच असतात.

काही बिघाड त्याहीआधी, रिस्टोअर करतानाच आडवे येतात. विंडोजच्या स्वतःच्या इमेज सोयीला नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठीच लागते. जुन्या १ टीबी डिस्कवर प्रत्यक्षात ९० जीबीच भरलेले असले तरी ५०० जीबीच्या एसएसडीवर ती इमेज उतरत नाही. मॅक्रियम किंवा अॅक्रॉनिससारखी साधने पार्टिशन आकसून बसवतात. ती हाताशी नाहीत म्हणून जुन्या यंत्रावरच पार्टिशन लहान करून घेतले, तरी डिस्कच्या एकूण आकाराची ही अट बहुधा सुटत नाही. तिथे साधन बदलणेच शहाणपणाचे.

रिस्टोअर करतानाचा दुसरा बिघाड अधिक गोंधळात टाकणारा आहे. बॅकअपच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होते, पण त्याला नवी एसएसडी दिसतच नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू केलेली असते. तीत एसएसडी एका वेगळ्या कंट्रोलरमागे जाते आणि त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसतो. एसएसडी खराब निघाली असे समजून दुकानात परत नेण्याआधी बायॉसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करून पाहावे, किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालावा.

रिस्टोअर यशस्वी झाल्याचा संदेश आला, यंत्र पुन्हा चालू केले आणि काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस नसल्याची ओळ उमटली, तर दोष बहुतेकदा विंडोजमध्ये नसून फर्मवेअर आणि डिस्क यांच्या जुळणीत असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली बायॉस पद्धत डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला एमबीआर वाचते. यूईएफआय मात्र जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर एक छोटे वेगळे पार्टिशन शोधते आणि तिथली बूट फाइल चालवते. जुन्या यंत्राची इमेज एमबीआरची असेल आणि नवे यंत्र फक्त यूईएफआय जाणत असेल, तर सगळा डेटा जागेवर असूनही यंत्राला सुरुवात कुठून करायची हे कळत नाही. पूर्वी बायॉसमध्ये सीएसएम हा जुन्या पद्धतीचा पर्याय चालू करून भागत असे. नव्या यंत्रांतून तो बहुतांशी गेला आहे. आता रूपांतर करावे लागते. २०१७ पासून विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन येते. ते डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलते आणि बूटचे पार्टिशनही तयार करते. पद्धत बरोबर असून केवळ बूटच्या फाइली हरवल्या असतील, तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीबूट ही आज्ञा द्यावी. ती विंडोजच्या फोल्डरमधून त्या फाइली नव्याने लिहून देते.

पुढची पायरी सर्वांत बदनाम आहे. विंडोजचे चिन्ह दिसते, ठिपके फिरू लागतात आणि एकाएकी निळा पडदा येतो, त्यावर इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असे लिहिलेले असते. जुन्या मंडळींना हाच संदेश ७बी या क्रमांकाने पाठ आहे. अर्थ असा की विंडोज सुरू झाली, पण ज्या डिस्कवर ती स्वतः बसली आहे तीच तिला वाचता येत नाही. डिस्क वाचायला कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो. जुन्या यंत्रात कंट्रोलर आयडीई किंवा रेड पद्धतीवर होता आणि नव्यात तो एएचसीआय किंवा एनव्हीएमई झाला, की ड्रायव्हरही बदलतो. गंमत अशी की विंडोज १० च्या पोतडीत हे नेहमीचे ड्रायव्हर आधीपासून असतात. पण सुरू होताना जे लागत नाहीत ते ती बंद करून ठेवते.

म्हणूनच यावरचा पहिला उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. सेफ मोडमध्ये विंडोज ही काटकसर बाजूला ठेवते आणि डिस्कचे सगळे मूलभूत ड्रायव्हर चाचपून पाहते. दोन-तीन वेळा सुरुवात फसली की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. तिथून सेफ मोड निवडता येतो, नाहीतर बीसीडीएडिट या आज्ञेने तो सक्तीने लावता येतो. एकदा सेफ मोडमध्ये डेस्कटॉप दिसला की योग्य ड्रायव्हर कायमचा चालू होतो आणि पुढच्या खेपेला यंत्र नेहमीसारखे सुरू होते. आज्ञेने सेफ मोड लावला असेल तर तो काढायला मात्र विसरू नये, नाहीतर यंत्र दर वेळी तिथेच परतत राहते.

हवा असलेला ड्रायव्हर विंडोजपाशी मुळातच नसेल, जसे व्हीएमडीच्या बाबतीत होते, तर सेफ मोडचा उपयोग नाही. तेव्हा पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून डीआयएसएम या आज्ञेने तो ड्रायव्हर झोपलेल्या विंडोजमध्ये बाहेरून घालतात. मॅक्रियमचे रिडिप्लॉय किंवा अॅक्रॉनिसचे युनिव्हर्सल रिस्टोअर मुख्यतः हेच काम चार क्लिकमध्ये करून देते. विंडोज एक्सपीच्या काळी हे प्रकरण याहून बिकट होते. तेव्हा हॅल नावाचा थरसुद्धा यंत्राच्या प्रकारागणिक वेगळा असे आणि तो जुळला नाही तर निळा पडदादेखील धड येत नसे. आजच्या विंडोज त्या मानाने बऱ्याच समंजस आहेत.

डेस्कटॉप दिसल्यावर उरतात ते त्रास किरकोळ, पण संख्येने भरपूर असतात. अक्षरे भलीमोठी दिसतात, आवाज येत नाही, टचपॅड अडखळतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी चिन्हे दिसतात आणि कोड २८ असे लिहिलेले असते, म्हणजे ड्रायव्हर नाही. सर्वांत आधी नेटवर्कचा ड्रायव्हर बसवावा, कारण इंटरनेट मिळाले की बाकीचे बरेचसे विंडोज अपडेट स्वतःच आणते. वाय-फायच चालत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे टेदरिंग वापरता येते. एखादे उपकरण ओळखूच येत नसेल तर त्याच्या गुणधर्मांत हार्डवेअर आयडी दिसतो. त्यातला व्हेंडर क्रमांक निर्मात्याचे नाव सांगतो. ८०८६ असेल तर इंटेल. आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा त्या कंपनीने यासाठी निवडला आहे.

हा सगळा खटाटोप टाळण्याची एक युक्ती आहे आणि ती फार कमी जण वापरतात. नव्या यंत्रावर कारखान्यातून आलेली विंडोज पुसण्याआधीच तिच्यातले उपकरण निर्मात्यांचे सगळे ड्रायव्हर डीआयएसएमच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर आज्ञेने पेनड्राइव्हवर काढून घ्यावेत. निळा पडदा टाळण्यासाठी लागणारा आणि वाय-फायसाठी लागणारा, दोन्ही ड्रायव्हर त्यातच सापडतात.

नवे ड्रायव्हर आले म्हणून जुने जात नाहीत. काढून टाकलेल्या यंत्राची उपकरणे विंडोजच्या नोंदीत अदृश्य रूपात राहतात. घरच्या संगणकावर त्याने फारसे बिघडत नाही. कार्यालयात मात्र जुन्या नेटवर्क कार्डाला ठरावीक आयपी पत्ता दिलेला असतो. तोच पत्ता नव्या कार्डाला देताना विंडोज सांगते की तो आधीच दुसऱ्या कार्डाकडे आहे, आणि ते दुसरे कार्ड तर कुठे दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लपलेली उपकरणे दाखवण्याचा पर्याय आहे. तिथे फिकट दिसणारे कार्ड काढले की पत्ता मोकळा होतो. जुन्या कंपनीची बॅटरी, पंखा, शॉर्टकट कळा सांभाळणारी सॉफ्टवेअरही याच वेळी काढून टाकावीत.

यानंतर प्रश्न येतो परवान्याचा. विंडोजचे डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेले असते, म्हणून रिस्टोअरनंतर ती अॅक्टिव्हेट नसल्याचे सांगते. वेगळी विकत घेतलेली रिटेल प्रत मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेली असेल तर अॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमधून ती नव्या यंत्रावर हलवता येते. संगणकासोबत आलेली ओईएम प्रत त्या यंत्राबरोबरच संपते. नव्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये त्याची स्वतःची किल्ली असते, पण ती बहुधा होम आवृत्तीची असते. इमेज प्रो आवृत्तीची असेल तर ती किल्ली तिला चालत नाही.

ओळख पटवण्याच्या सोयींचेही असेच होते. विंडोजचा चार-सहा अंकी पिन टीपीएम चिपशी बांधलेला असतो, त्यामुळे नव्या यंत्रावर तो चालत नाही आणि खात्याचा पूर्ण पासवर्ड मागितला जातो. तो आठवत असणे गरजेचे आहे. जुनी डिस्कच काढून नव्या यंत्रात लावली आणि तिच्यावर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की द्यावीच लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजचा प्रकार उलटा आहे. तिच्यातला डेटा उलगडलेला असतो, त्यामुळे रिस्टोअरनंतर डिस्क कुलपाविना राहते आणि बिटलॉकर नव्याने चालू करावे लागते.

हिशेबाची आणि मराठी मजकूर जुळवणीची सॉफ्टवेअर हे आपल्याकडचे खास दुखणे. टॅलीचे लायसन्स संगणकाशी बांधलेले असते. जुने यंत्र पुसण्याआधी ते तिथून सरेंडर करून नव्यावर पुन्हा अॅक्टिव्हेट करणे सोपे जाते. डीटीपीच्या अनेक दुकानांत श्री-लिपीसारखी साधने हार्डवेअर लॉकवर चालतात. यूएसबीचे लॉक असेल तर नव्या यंत्रावर त्याचा ड्रायव्हर पुन्हा बसवावा लागतो. प्रिंटर पोर्टवरचे जुने लॉक लावायला नव्या लॅपटॉपवर जागाच नसते.

अशा जागी इमेज थेट नव्या यंत्रावर उतरवण्याचा हट्ट सोडलेला बरा. विंडोज ७ किंवा एक्सपी असेल तर तसाही तो निभत नाही. विंडोज ७ ला यूएसबी ३ आणि एनव्हीएमईचे ड्रायव्हर मुळातून माहीत नाहीत, त्यामुळे नव्या यंत्रावर कीबोर्ड-माउससुद्धा मुके होतात. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले डिस्क-टू-व्हीएचडी हे साधन चालत्या जुन्या संगणकाची आभासी डिस्क बनवते. ती व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये उघडली की जुना संगणक नव्याच्या एका खिडकीत चालतो. व्हर्च्युअलबॉक्स यूएसबीचे लॉक आत पोहोचवू शकते, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या तशाच प्रोग्रॅमला ते सहज जमत नाही.

ज्या संगणकावर ऑफिस, ब्राउझर आणि फोटो एवढेच आहे, तिथे इमेजच्या वाटेला जाऊच नये. दुकानदार ज्याला फॉरमॅट मारून विंडोज टाकणे म्हणतात तेच करावे आणि फाइली परत घ्याव्यात. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि जुन्या यंत्राचा गाळ मागे राहत नाही. एक खबरदारी हवी. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जुन्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद असतात. नुसते फोल्डर उचलून आणले तर ते उघडत नाहीत. आधी सिंक चालू करावे किंवा पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्यावेत.

इमेज उतरवलीच असेल तर पहिल्यांदा यंत्र सुरू करताना जुनी डिस्क शेजारी जोडलेली नसावी. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करते किंवा भलत्याच डिस्कवरून सुरू होते. छपाई, स्कॅनर, हिशेब, डिजिटल सही हे सगळे एकदा चालवून पाहिल्यावर नव्या यंत्राची स्वतंत्र इमेज घ्यावी. जुनी इमेज आता फाइली शोधण्यापुरतीच कामाची राहते.