खेळते पाणी आणि जलपर्णी
कोल्हापूरकर जिला केंदाळ म्हणतात, ती जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. संथ, सांडपाण्याने पोसलेले पाणी मिळाले की अनुकूल हवामानात तिचा विस्तार सुमारे 2 आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. रंकाळ्याने हा उपद्रव सोसला आहे. यावर पाणी यंत्राने खेळते ठेवावे, असा उपाय सुचविला जातो. त्यामागील तत्त्व असे : तळाशी प्राणवायू संपला की गाळात बद्ध असलेले स्फुरद पाण्यात उतरते व वनस्पतींचे खाद्य बनते, प्राणवायू तळापर्यंत पोहोचल्यास ही क्रिया मंदावते. परंतु सांडपाणी येतच राहिले, तर नुसते पाणी फिरवून काय साधणार? शिवाय तळाचे निःसत्त्व पाणी एकाएकी वर आल्यास मासे दगावण्याचा धोका असतो.

म्हणून मोठ्या खर्चापूर्वी कसोटी हवी. तलावाचे पडद्याने दोन सारखे भाग करावेत. एकात पाणी फिरवावे, दुसरा तसाच ठेवावा. दोहोंतील प्राणवायू, स्फुरद व जलपर्णीने व्यापलेले क्षेत्र पावसाळ्यासह वर्षभर मोजावे. दुसऱ्या भागातही ती तितकीच घटली, तर श्रेय यंत्राचे नव्हे, ऋतूचे. न फिरविलेले पाणी हाच या प्रयोगाचा खरा साक्षीदार होय.