बिऱ्हाडातला अर्धा 'र'

बिऱ्हाड हा शब्द बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोड कामगारांची कुटुंबे भांडीकुंडी, लेकरेबाळे घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. आज मात्र आपण बोलणार आहोत ते या शब्दातल्या एका अक्षराविषयी. 'ह'च्या डोक्यावर रफार होऊन न बसता त्याच्या आधी आडव्या पापणीसारखा चिकटणारा हा अर्धा 'र'. शेतकऱ्याला, वाऱ्यावर, तऱ्हा, ऱ्हास अशा कितीतरी शब्दांत तो आहे.

रफार असताना हे वेगळे चिन्ह कशाला, असे कुणी विचारील. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा. रफार असला की आधीच्या अक्षरावर आघात येतो, या अर्ध्या 'र'ने येत नाही. कान जो फरक ओळखतो, तो मराठीने लिपीतही जपला. हिंदीला त्याची गरज पडत नाही.

आता संगणकाकडे वळू. संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड ही व्यवस्था १९९१ मध्ये आली. तिच्यात आपल्या 'र'चा क्रमांक ०९३० आणि खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा ०९३१. हा टिंबवाला 'ऱ' द्राविडी भाषांतला वेगळा 'र' देवनागरीत लिहिण्यासाठी ठेवलेला होता. त्याचाच पाय मोडला की आपला पापणीचा 'र' उमटतो. पण १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत आणखी एक रीत होती : साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. जुना मजकूर बिघडू नये म्हणून ती रीत आजही चालू आहे.

खरी अडचण इथे आहे. दोन्ही रीतींनी लिहिलेले 'बिऱ्हाड' कागदावर हुबेहूब सारखे दिसते, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. समजा, बिऱ्हाडे आडनावाच्या बाईंचे नाव यादीत एका रीतीने नोंदले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या रीतीने टाइप केले. साधा शोध घेणारी प्रणाली 'नोंद नाही' असे सांगून मोकळी होईल. बाई समोर उभ्या, नाव यादीत, तरी काम अडलेले! कुणी मजकूर साफ करताना ते अदृश्य चिन्ह काढून टाकले, तर शब्दात रफार येतो आणि दऱ्यांचा दर्या होतो.

हा गुंता आपल्याच वाट्याला आला आहे असे नाही. इथिओपियाची गीझ लिपी १९९९ मध्ये युनिकोडमध्ये आली. तिथल्या अम्हारिक भाषेत 'ह'च्या एकाच उच्चाराला अनेक अक्षरे आहेत, त्यामुळे एकच शब्द लोक वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात. तिथे अक्षरे दिसायला वेगळी आणि उच्चार एक, आपल्याकडे रूप एक आणि आतले आकडे वेगळे. शोधणाऱ्याची पंचाईत मात्र दोन्हीकडे सारखीच.

यावर उपाय अवघड नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'जे' या कळीवर 'र' आहे. शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की 'ऱ' येतो, पुढे हलन्त आणि हवे ते अक्षर. सर्वांनी हीच एक रीत पाळावी. याद्या तयार करणाऱ्यांनी शोध घेण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच रूपात आणण्याची सोय करावी, प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते थोड्या वेळाचे काम आहे. आणि आपले नाव यादीत सापडले नाही, तर अर्ज नव्याने भरण्याआधी एवढेच सांगावे : आडनावाचा 'र' दुसऱ्या रीतीने टाइप करून पुन्हा एकदा शोधा.