बर्फावरून चालत गेलेला किल्ला

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा पाषाण उभा राहतो. त्या सवयीनं मिशिलिमॅकिनॉचा किल्ला पाहिला तर हसूच येईल. ना डोंगर, ना कातळ. वाळूच्या किनाऱ्यावर एकाला एक लगटून रोवलेले टोकदार ओंडके; आत लाकडी घरांच्या रांगा, एक चर्च, दारूगोळ्याचं कोठार. आपल्या जुन्या शब्दांत सांगायचं तर हा मेढेकोट.

जागा मात्र अशी की नकाशा पाहणाऱ्याचं बोट आपोआप तिथंच थांबावं. उत्तर अमेरिकेतली मिशिगन आणि ह्यूरन ही समुद्राएवढी दोन सरोवरं जिथं एकमेकांना भेटतात, तिथली पाण्याची चिंचोळी पट्टी जेमतेम आठ किलोमीटर रुंद आहे. सुपीरियर सरोवराची वाटही जवळच. ज्या काळी रस्ते नव्हते आणि सगळी ये-जा भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून चाले, त्या काळी हा नाका ज्याच्या हाती, त्याच्या हाती अर्ध्या खंडाचा व्यापार. फ्रेंचांनी १७१५च्या सुमारास इथं कोट उभारला तो म्हणूनच.

व्यापार कसला? केसांचा! बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या अंगावर लांब राठ केसांखाली मऊ लोकर असते. तिच्या तंतूंना सूक्ष्म खवले असतात. ते एकमेकांत अडकतात आणि त्यातून घट्ट नमदा तयार होतो. युरोपातल्या उंची टोप्या या नमद्याच्या. गंमत म्हणजे नव्या कातड्यापेक्षा तिथल्या मूळ रहिवाशांनी वर्ष-दोन वर्षं अंगावर वापरलेल्या कातड्याला जास्त भाव येई, कारण वापरून वापरून वरचे राठ केस झडलेले असत. जुन्या कपड्याला नव्यापेक्षा जास्त किंमत देणारा बाजार दुसरा कुठला असेल!

या बाजाराचे खरे मालक होते भोवतालचे ओजिब्वे आणि ओडावा लोक. फ्रेंचांना ते उमगलं होतं. ते दरवर्षी भेटी द्यायचे: बंदुकीची दारू, कापड, भांडी. फ्रेंचांच्या लेखी तो व्यवहार असेल. ओजिब्व्यांच्या लेखी ते नात्याचं देणं होतं.

मग इंग्रज-फ्रेंच युद्ध आलं. हे युद्ध आपल्याकडेही चालू होतं. पानिपतावर मराठी फौज बुडाली त्याच आठवड्यात, जानेवारी १७६१मध्ये, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली. त्याच वर्षीच्या शरदात लाल डगलेवाले इंग्रज सैनिक मिशिलिमॅकिनॉला पोचले. त्यांचा सरसेनापती ॲमहर्स्ट काटकसरी आणि गर्विष्ठ. भेटी बंद, दारूगोळा मोजूनमापून. शिकारीवर जगणाऱ्या माणसाला दारू नाकारणं म्हणजे त्याच्या चुलीत पाणी ओतणं. ओजिब्वे सरदार मिनावावाना यानं अलेक्झांडर हेन्री या इंग्रज व्यापाऱ्याला सुनावलंही होतं, की तुम्ही फ्रेंचांना जिंकलं असेल, आम्हाला नाही.

२ जून १७६३. कोटाबाहेरच्या मैदानात ओजिब्वे विरुद्ध सॉक या दोन जमातींत बॅगाटिवेचा सामना रंगला. आजच्या लॅक्रोसचा हा पूर्वज: हातात जाळीची काठी, एक चेंडू, आणि धावणाऱ्यांचा लोंढा. शिबंदी सुमारे ३५ जणांची. किल्लेदार एथरिंग्टन दरवाजा उघडा टाकून बाहेर उभा, ओजिब्व्यांवर पैज लावून! काहीतरी शिजतंय अशी कुणकुण त्याच्या कानावर आली होती. पण पुन्हा असली अफवा आणणाऱ्याला कैद करून डेट्रॉइटला धाडीन, असा दम त्यानं भरला होता. चेंडू उडाला तो थेट दरवाजाकडे. खेळाडू त्याच्यामागे धावले, आणि आत घोंगड्या पांघरून उभ्या असलेल्या बायकांनी त्यांच्या हाती कुऱ्हाडी दिल्या.

पंधरा-सोळा सैनिक तिथंच मारले गेले. फ्रेंच रहिवाशांच्या केसालाही धक्का लागला नाही. हेन्री त्या वेळी खोलीत बसून पत्रं लिहीत होता. शेजारच्या फ्रेंच घरातल्या एका गुलाम बाईनं त्याला माळ्यावर लपवलं. तिथं साखर करण्यासाठी वापरायच्या भूर्जाच्या भांड्यांच्या ढिगात तो दडून राहिला. जीव वाचवणाऱ्या त्या बाईचं नाव त्यानं आपल्या आठवणींत दिलेलं नाही, हे मला त्या हकिकतीइतकंच बोलकं वाटतं. पुढे सापडला तेव्हा त्याला सोडवलं वावाटाम या ओजिब्व्यानं, मुक्तीपोटी भेटवस्तू मोजून. त्यानं हेन्रीला आधीच भाऊ मानलं होतं. पुढचा हिवाळा हेन्रीनं त्याच्या कुटुंबात, त्यांच्याच वेशात काढला.

हा हल्ला एकटा नव्हता; डेट्रॉइटपासून पेटलेल्या मोठ्या उठावाचा तो भाग होता. त्यानं इंग्रज हादरले. पुढच्या वर्षी ते मिशिलिमॅकिनॉला परतले, ते भेटींची जुनी रीत मान्य करूनच.

यानंतरचा प्रसंग मला सर्वांत विलक्षण वाटतो. १७७९मध्ये, अमेरिकन बंडखोरांशी इंग्रजांचं युद्ध पेटलेलं असताना, पॅट्रिक सिंक्लेअर हा अधिकारी इथं आला. सपाट वाळूवरचा हा लाकडी कोट तोफांपुढे टिकायचा नाही, हे त्यानं ओळखलं. दहाएक किलोमीटरवर मॅकिनॉ बेट होतं, चुनखडीच्या उंच कड्याचं. मग किल्लाच तिकडे न्यायचा! पण पाण्यावरून? हिवाळा आला, सरोवर गोठलं, आणि पाण्याचाच रस्ता झाला. पहिल्यांदा चर्च सुटं केलं गेलं आणि त्याचे ओंडके बर्फावरून ओढत बेटावर नेले. देव पुढे गेला की रयत मागोमाग येणार, हा हिशेब कुठल्याही मुलखात चुकत नाही. घरंही तशीच गेली. १७८१मध्ये ओजिब्व्यांकडून ५,००० पौंडांना बेट विकत घेतलं गेलं, आणि उरलेला मेढेकोट इंग्रजांनी स्वतःच जाळला.

राखेवर वाळू चढली. त्या वाळूनं सगळं झाकलं आणि जपलंही. १९५९पासून तिथं दर उन्हाळ्यात उत्खनन चालतं, १९५७मध्ये खुल्या झालेल्या मॅकिनॉ पुलाच्या अगदी सावलीत. वरून मोटारी जात असतात आणि खाली कुणीतरी गुडघ्यांवर बसून वाळू चाळत असतं. काचेचे मणी, गुंड्या, माशांचे काटे निघतात. सिंक्लेअरच्या माणसांनी चर्च नेलं, घरं नेली. सांडलेले मणी मात्र वाळूतच राहिले.