पवईची जलपर्णी : समज आणि वस्तुस्थिती

‘पालिका जलपर्णी काढतच नाही.’ मुंबईच्या पवई तलावाकाठी ही तक्रार कायम ऐकू येते आणि ती खरी नाही. कंत्राटे निघतात, यंत्रे तलावात उतरतात, काठावर हिरवे ढीग लागतात. तरी काही महिन्यांत पाणी पुन्हा दिसेनासे होते. पोषक पाणी आणि उबदार हवा मिळाली की जलपर्णीचा पसारा साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. आणि खत आपणच पुरवतो. पालिकेच्याच अंदाजाप्रमाणे रोज सुमारे 1.8 कोटी लिटर सांडपाणी या तलावात येते. त्यातले नत्र आणि स्फुरद मिळत राहिले, तर जलपर्णी कितीही उपसा, ती परत येणारच.

मग सांडपाणी आधी का थांबले नाही? माझ्या मते खरे राजकारण इथे आहे. उपसलेल्या जलपर्णीचे टन मोजून दाखवता येतात. मलवाहिन्या वळवायच्या तर रस्ते खोदावे लागतात, वर्षे जातात आणि झालेले काम जमिनीखाली गाडले जाते.

‘हा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, पालिकेला लक्ष द्यावेच लागेल’ असेही अनेकांना वाटते. 1890 मध्ये पवई बांधला तो त्याच हेतूने. पण पाणी पिण्यालायक राहिले नाही. आज ते मुख्यतः उद्योगांना आणि आरे वसाहतीला जाते. शेजारचे विहार आणि तुळशी अजून शहराची तहान भागवतात, म्हणून त्यांना जपले जाते. पवई बिघडला तर कुणाच्या घरचा नळ कोरडा पडत नाही. झळ बसते ती गळ टाकणाऱ्यांना, काठच्या पाड्यांवरच्या आदिवासींना, माशांना आणि तिथल्या मगरींना. यांचा आवाज क्षीण आहे. गळाने मासे पकडणाऱ्यांची संघटना, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन, इथे अनेक दशके आहे. पण तलावात येणारे गटार बंद करणे तिच्या हातात नाही.

‘जलपर्णी पाणी शुद्ध करते, राहू द्या’ हे अर्धेच खरे. ती पोषकद्रव्ये शोषते, पण त्याचा उपयोग तिला वेळेत बाहेर काढले तरच. तिथेच कुजली की सगळे पाण्यात परत. शिवाय दाट थराखाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. काढलेला ढीग काठावरच ठेवला, तर पहिल्या पावसात त्याचा रस पुन्हा तलावात उतरतो.

‘ग्रास कार्प सोडा, तो सगळी खाऊन टाकेल’ हा सल्लाही हमखास मिळतो. हा मासा पाण्याखालच्या मऊ वनस्पती आवडीने खातो, जलपर्णी फारशी नाही. तिच्यावर जगणारे सोंडकिडे मात्र भारतात 1980च्या दशकात आणले गेले आणि बंगळूरच्या तलावांत ते उपयोगी ठरले. त्यांना वेळ लागतो. यंत्राने सगळा थर एकदम उचलला की किडेही त्यासोबत जातात.

तणनाशक फवारणे सर्वांत झटपट वाटते. पण मेलेली जलपर्णी तळाशी बसते, कुजताना उरलासुरला प्राणवायू ओढून घेते आणि गाळ वाढवते. नवे बी त्याच गाळात रुजते.