विश्लेषण : समुद्रतळाचा गाळ कोकणचा इतिहास कसा सांगतो?

पावसाळ्यात पेणची भोगावती आणि रोह्याची कुंडलिका गढूळ होऊन वाहतात. हा गाळ म्हणजे झिजणारा सह्याद्री. बराचसा खाडीत साचतो, थोडा अरबी समुद्रात जातो. लाखो वर्षांच्या अशा थरांत पर्जन्य आणि भूहालचालींची नोंद राहते.

नोंद कुठे सापडली?

पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटरवरील लक्ष्मी बेसिनमध्ये. तेथे २०१५ मध्ये ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ जहाजाने सुमारे ३,६०० मीटर पाण्याखाली, तळात ११०० मीटरपेक्षा खोल छिद्रे घेतली. धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट हे मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते.

गाळ वाचतात कसा?

सहसा खालचा थर जुना, वरचा नवा. सूक्ष्मजीवांच्या कवचांवरून वय ठरते. मातीतील खनिजे तिचे मूळ सांगतात : दख्खनच्या बेसाल्टपासून मुख्यतः स्मेक्टाइट, तर सिंधू नदीतून हिमालयाचे इलाइट व क्लोराइट. त्यांचे प्रमाण बदलले की पाऊस, खडकांची झीज किंवा गाळाची वाट बदलल्याचा माग लागतो.

आपल्याला त्याचे काय?

एका छिद्रात सुमारे ३३० मीटर जाडीचा विस्कटलेला थर मिळाला. त्यात उथळ समुद्रातील चुनखडीही होती. सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी किनाऱ्याकडचा सागरी उतार कोसळल्याची ही खूण. शास्त्रज्ञ तिला ‘नटराज’ म्हणतात. अशा दरडींमुळे त्सुनामी येऊ शकते. म्हणूनच शांत वाटणाऱ्या किनाऱ्याचाही भूतकाळ तपासावा लागतो.