सुवर्णभूमीतून रिकाम्या हाताने

परदेशी निघालेल्या माणसाच्या खिशात पासपोर्टच्या आधी यादी पडते. कुणाला घड्याळ हवे असते, कुणाला अत्तर, कुणाला लेकीसाठी पर्स. आम्ही एकटेच बँकॉकला निघालो तेव्हा आमच्याही खिशात यादी होती. तिच्यावर एकच वस्तू होती, बुद्धमूर्ती!

आमच्या वस्तीतील विहारात गेली पंधरा वर्षे प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आहे. तिच्या कानाचा टवका उडाला आहे, रंग दोनदा दिला तरी पोपडे धरतोच. महिला मंडळाने आठवड्याला दहा-दहा रुपये काढून चाळीस हजार जमवले. त्यात धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींचा पैसा होता, पहाटे रस्ते झाडणाऱ्यांचा पैसा होता. मंडळाच्या अध्यक्षा ताईंनी तो आमच्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, तिथली पितळी मूर्ती आणा. आपल्या लेकरांनी मान वर करून बघावी अशी आणा."

आम्ही पहिले दिवस अयुथ्याचे अवशेष आणि बँकॉकची विहारे पाहण्यात घालवले. खरेदी शेवटच्या तीन दिवसांवर टाकली. हीच आमची चूक झाली. ती कबूल करण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

बँकॉकमध्ये वाट सुथात या प्रसिद्ध विहाराजवळ बामरुंग मुआंग नावाचा रस्ता आहे. या रस्त्यावर बुद्धमूर्तींची दुकानेच दुकाने आहेत. फुटपाथवर माणसाएवढ्या सोनेरी मूर्ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभ्या असतात. शेजारी भिक्खूंना दान द्यायच्या वस्तूंनी भरलेल्या केशरी बादल्या रचलेल्या असतात. थाई माणूस बुद्धमूर्ती 'विकत घेतली' असे म्हणत नाही, 'भाड्याने घेतली' असे म्हणतो. बुद्धाचा मालक कोण होणार, अशी त्यामागची भावना. भावना मोठी, पण दुकानात भाव मात्र होतोच!

दोन फुटांची, भूमिस्पर्श मुद्रेतील पितळी मूर्ती आम्हाला पसंत पडली. किंमत चौदा हजार बाट. आमच्या पैशात बसत होती. दुकानदार बाईंनी हात जोडून विचारले, मूर्ती देशाबाहेर नेणार का? हो म्हणताच त्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर नेण्यासाठी तेथील ललित कला विभागाचा परवाना लागतो. पासपोर्टची प्रत, मूर्तीचे फोटो, अर्ज. पुरातन मूर्ती देशाबाहेर जाऊ नयेत आणि बुद्धाचा कुणी शोभेचा दगड करू नये, म्हणून हा कायदा. परवान्याला काही दिवस लागतात आणि आमचे विमान तिसऱ्या दिवशी!

चार दुकाने पुढे एकाने तोडगा सांगितला. मूर्ती कपड्यांत गुंडाळा, बॅगेच्या तळाशी घाला, कोण बघतो? रोज लोक नेतात. खोटे कशाला बोला, त्या क्षणी आमचे मन डळमळले. चाळीस हजार रुपये, दीडशे घरांची आशा, आणि आपण हात हलवत परत जायचे? काय तोंड दाखवायचे?

रात्री ताईंना फोन लावला. सगळे सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "दादा, बुद्धाला लपवून आणायचे? आणि त्याच्यापुढेच बसून आम्ही पंचशील म्हणायचे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. न दिलेले घेणार नाही आणि खोटे बोलणार नाही, ही शिलांची भाषा आम्ही व्यासपीठावरून शेकडो वेळा समजावली आहे. पण बॅगेची चेन लावण्याच्या वेळी ती आम्हाला एका सातवी शिकलेल्या उपासिकेने आठवून दिली!

दुसऱ्या दिवशी था फ्रा चान भागातील ताबिजांच्या बाजारात गेलो. बुद्धप्रतिमा असलेली छोटी ताबिजे तिथे पथारीवर मांडलेली असतात. गिऱ्हाईक डोळ्याला भिंग लावून त्यांची पारख करते. कुणाला धंद्यात बरकत हवी, कुणाला अपघातापासून रक्षण. शहरातील एरावान या ठिकाणी चतुर्मुख ब्रह्मदेवापुढे हारांचे ढीग पडतात. चक्री घराण्याचे राजे राम ही पदवी लावतात. आम्ही या देशाचा अनादर करत नाही. भिक्खूंसाठी रेल्वेत राखीव आसन ठेवणाऱ्या समाजाकडून आदर शिकावा. परंतु ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांनी प्रत्येक बौद्ध देशातील प्रत्येक गोष्ट डोक्यावर घ्यावी काय? बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म ताबिजाचा नाही. तो विवेकाचा आहे. मूर्ती आणायला गेलेल्या माणसाने हे विसरू नये.

शेवटच्या दिवशी विमानतळावर पोहोचलो. त्याचे नावच सुवर्णभूमी. महावंस सांगतो की तिसऱ्या संगीतीनंतर सोण आणि उत्तर हे दोन थेर सुवर्णभूमीत धम्म घेऊन गेले. सम्राट अशोकाचा तो काळ. त्यांच्याजवळ चीवर आणि भिक्षापात्र याखेरीज काय असेल? आमच्यापुढच्या रांगेत आपले देशबांधव प्रातुनामच्या घाऊक बाजारातील कपड्यांचे गठ्ठे वजनकाट्यावर चढवत होते. एका बॅगेतून काढायचे, दुसरीत कोंबायचे, असे चालले होते. आमची बॅग काट्यावर ठेवली, अकरा किलो! आत जाताच समोर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प. लोक त्यापुढे फोटो काढत होते. अशोकाच्या थेरांची आठवण सांगणाऱ्या नावाच्या विमानतळावर सर्वाधिक गर्दी मंथनापुढे! इतिहास असाच झाकला जातो.

बँकॉक ते मुंबई साडेचार तासांचा प्रवास. मांडीवर मूर्ती घेऊन बसण्याचे स्वप्न होते, मांडी रिकामी होती. तेव्हा आम्हाला बाबासाहेबांची परदेशातील खरेदी आठवली. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले होते. पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडन सोडावे लागले. महायुद्ध पेटले होते. ते स्वतः मार्सेयहून बोटीने निघाले, सामान दुसऱ्या बोटीने धाडले. सामानाची ती बोट पाणतीराने बुडाली आणि तिच्याबरोबर त्यांचे ग्रंथही गेले. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले. सामानाच्या नुकसानभरपाईच्या पैशातून त्यांना बडोद्याला जावे लागले. म्हणून त्यांनी ग्रंथ सोडले काय? पुढे दादरला राजगृह बांधले ते ग्रंथांसाठीच.

आणि मूर्तीही त्यांनी आणली. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात त्यांच्या हस्ते जी बुद्धमूर्ती बसली, ती रंगूनहून आणलेली होती. म्हणजे परदेशातून मूर्ती आणणे यात गैर काही नाही. थाई उपासकांनी रीतसर दान दिलेल्या मूर्ती आज महाराष्ट्रातील अनेक विहारांत आहेत. प्रश्न वाटेचा आहे.

परतल्यावर विहारात बैठक झाली. चाळीस हजार रुपये आम्ही सर्वांसमोर मोजून ठेवले आणि स्वतःची चूक सांगितली. दोन तास चर्चा चालली. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी अभ्यासिकेसाठी पुस्तके मागितली. अखेर पंधरा हजारांची पुस्तके व कपाट घ्यावे, उरलेली रक्कम बँकेत ठेवून त्यात भर घालावी आणि मूर्ती परवान्यासह आणावी, असे ठरले. एका वृद्ध उपासकाला हे मान्य झाले नाही. ते म्हणाले, "कागद येईपर्यंत मी असेन का?" त्यांचे दुःख खरे आहे. आम्ही पहिल्या दिवशी बाजार गाठला असता, तर कदाचित त्यांनी ती मूर्ती या वैशाखीलाच पाहिली असती. हे ओझे आमचे आहे.

म्हणून मूर्ती आणायला जाणाऱ्या बांधवांना विनंती की पर्यटन मागे ठेवा, दुकान आधी गाठा. नवी मूर्ती घ्या, जुनी म्हणून दाखवतील तिच्यापासून दूर राहा. पक्की पावती घ्या. परवान्याचे काम दुकानदार करून देतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. विहार समितीचे पत्र सोबत ठेवा. आपल्या विमानतळावरही मूर्ती दाखवून, कर लागत असेल तर भरून बाहेर या.

बुद्ध आमच्या घरात चोरवाटेने आलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, लाखोंच्या साक्षीने, भर दिवसा आम्ही त्याला शरण गेलो. त्याची मूर्तीही आमच्या वस्तीत उजेडातूनच आली पाहिजे. तोवर टवका उडालेल्या त्या जुन्या मूर्तीपुढे रोज मेणबत्ती लागते आणि तिच्या शेजारच्या नव्या कपाटापुढे मुलांची रांग लागते. हेही काही कमी नाही.

जयभीम!