वेगाचा दंड : कुरखेड्याच्या रस्त्यापर्यंतचा मागोवा

भरधाव वाहनाला दंड करण्याची तरतूद भारतात जुनी आहे. त्याचा वेग मोजण्याची विश्वासार्ह सोय मात्र फार उशिरा आली. १९३९च्या मोटार वाहन कायद्यातच वेगमर्यादा आणि ती ओलांडल्याची शिक्षा होती. १ जुलै १९८९ रोजी अमलात आलेल्या १९८८च्या कायद्याने ती चौकट पुढे नेली. त्यातील कलम ११२ मर्यादेचे आणि कलम १८३ शिक्षेचे. पहिल्या गुन्ह्याला ४०० रुपयांपर्यंत, पुढच्या गुन्ह्याला १,००० रुपयांपर्यंत दंड होता. याच कलमात पुराव्याची एक अट होती. एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावरून चालकाला दोषी ठरवता येत नसे. तो अंदाज यांत्रिक साधनाने केलेल्या मापनावर आधारलेला असावा लागे. गाडी सुसाट गेल्याचे नाक्यावरच्या एकट्या हवालदाराने पाहिले, तरी तेवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नसे.

असे साधन युरोपात आधीच तयार झाले होते. मॉरिस गॅट्सोनाइड्स या डच मोटारशर्यतपटूने शर्यतीतला स्वतःचा वेग तपासण्यासाठी एक उपकरण बनवले; त्याच्या ‘गॅट्सोमीटर’ कंपनीची यंत्रे पुढे अनेक देशांच्या पोलिसांनी वापरली. रडारवर चालणारे यंत्र वाहनावर लहरी सोडते आणि परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेतील फरकावरून वेग काढते. लेझर स्पीड गन प्रकाशाचे स्पंद परतण्यास लागणारा वेळ मोजते. महाराष्ट्रात महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांमधून अशी साधने रस्त्यावर आली.

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा परिसरात मात्र रस्त्यावरची सुरक्षितता वेगळ्याच अर्थाने मोजली जात होती. चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात माओवादी हिंसाचारामुळे रस्ताबांधणी रखडत राहिली आणि भूसुरुंगांच्या धोक्यामुळे पोलीस अनेक मार्गांवर वाहनाने जाणेच टाळत. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची वाहने जाळण्यात आली. त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ झालेल्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. जिथे रस्ता बांधणे आणि त्यावरून पोलिसांनी जाणे हेच जोखमीचे होते, तिथे वेगतपासणीचा क्रम मागे राहिला.

राज्यात इतरत्र त्याच दशकात यंत्रणा झपाट्याने बदलली. १ ऑक्टोबर २०१५पासून अनेक प्रकारच्या व्यावसायिक वाहनांना ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक बंधनकारक झाला. ऑक्टोबर २०१६मध्ये मुंबईत ई-चलान सुरू झाले आणि पुढे ते राज्यभर पोहोचले. वाहन अडवून पावती फाडण्याऐवजी नोंदणी क्रमांकावरून मालकाच्या मोबाइलवर दंडाचा संदेश जाऊ लागला. एप्रिल २०१८मध्ये केंद्राने कमाल वेगमर्यादा नव्याने ठरवल्या. द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००. साध्या दुपदरी रस्त्यावर मोटारींना ७०, दुचाकी व मालवाहू वाहनांना ६० आणि तीनचाकींना ५०. कुरखेड्याहून वडसा, कोरचीकडे जाणारी वाहतूक प्रामुख्याने साध्या दुपदरी रस्त्यांच्या या गटात मोडते. राज्याला या मर्यादा आणखी कमी करता येतात.

१ सप्टेंबर २०१९पासून सुधारित कायदा लागू झाला. हलक्या वाहनाच्या वेगासाठी १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये दंड ठरला. गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना जप्त करण्याची तरतूद आली. ‘यांत्रिक’ साधनाच्या जोडीला ‘इलेक्ट्रॉनिक’ साधनही पुरावा म्हणून मान्य झाले. दंड अवाजवी असल्याचे सांगत तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्राला फेरविचाराची विनंती केली आणि महाराष्ट्राने वाढीव रकमा डिसेंबर २०२१मध्ये लागू केल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या नियम १६७-अ ने कॅमेऱ्यांची शिस्त ठरवली. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, कॅमेरा असल्याचा फलक ठळकपणे लावावा आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवावी. ही साधने राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या धोकादायक आणि वर्दळीच्या भागांत, तसेच दहा लाखांवरील वस्तीच्या व यादीतील १३२ शहरांत बसवायची होती. यादीला हवेच्या प्रदूषणाचा निकष जोडलेला असल्याने औष्णिक वीजकेंद्राचे चंद्रपूर तिच्यात आले. गडचिरोली जिल्ह्यातले एकही गाव त्यात नाही. कुरखेड्यासारख्या ठिकाणी कॅमेरा येण्याची वाट ‘धोकादायक महामार्ग’ या निकषातूनच जाते.

मोठ्या मार्गांवर पुढचा टप्पा सरासरी वेगाचा होता. कॅमेरा दिसताच ब्रेक लावून पुढे पुन्हा वेग वाढवणाऱ्यांना एका बिंदूवरचे मापन पकडत नाही. कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधले १० किलोमीटर अंतर पाच मिनिटांत कापले, तर सरासरी १२० निघते आणि मधली चलाखी निरुपयोगी ठरते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची अशी एकात्मिक यंत्रणा जुलै २०२४मध्ये सुरू झाली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर–शिर्डी टप्पा खुला झालेल्या समृद्धी महामार्गावर फार लवकर पोहोचणाऱ्या चालकांचे समुपदेशनही करण्यात आले.

जंगलपट्ट्यात धोक्याचे स्वरूप निराळे आहे. दक्षिण गडचिरोलीत सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमुळे अरुंद रस्त्यांवर अवजड वाहतूक वाढली. जानेवारी २०१९मध्ये एटापल्ली–आलापल्ली मार्गावर ट्रक आणि एसटी बसच्या अपघातानंतर संतप्त जमावाने ट्रक पेटवून दिले. कलम १८३ नोकराला मर्यादेबाहेर वाहन चालवायला लावणाऱ्या मालकालाही शिक्षापात्र ठरवते. वेग वाढवल्याशिवाय पाळता येणार नाही असे वेळापत्रक त्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानले जाते. खेपांच्या हिशेबावर चालणाऱ्या वाहतुकीला हा भाग थेट लागू पडणारा आहे. ऑगस्ट २०२३मध्ये गोंदिया–कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीच्या धडकेने वाघ मेला. रात्री जनावर आडवे आल्यावर चालकाला सावरायला किती अंतर मिळते, हे वेगच ठरवतो.

२०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नोंदीतले होते. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना इलेक्ट्रॉनिक देखरेखीच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले, तर जुलै २०२५मध्ये ई-चलानच्या पद्धतीविरुद्ध महाराष्ट्रातील वाहतूकदार संपावर गेले. १९८८चा कायदा मापनाच्या साधनावर अडत होता. ती अडचण सुटल्यावर उरलेला प्रश्न साधन कुठे बसवायचे हा आहे, आणि शहरांच्या यादीबाहेरच्या कुरखेड्यासारख्या तालुक्यांत त्याचे उत्तर धोकादायक रस्ता कसा निवडला जातो यावर अवलंबून आहे.